माझ्या वाट्याचा सनोबर

दुपारच्या उन्हाला वास असतो, हे मला आखातातल्या या बेटावर, बुदैयाला राहायला आल्यावर कळलं. बाराच्या सुमाराला हमरस्त्यावरची गाड्यांची वर्दळ जरा ओसरते, मशिदीतली बांग संपते, आणि आमच्या अंगणातून तो वास दबकत दबकत घरात शिरतो. थोडा राळेचा, थोडा कापराचा, थोडा नुकत्याच तासलेल्या लाकडाचा; डोळे मिटले तर वाटावं, शेजारच्या खोलीत कुणी धूप घालायच्या तयारीला लागलं आहे. खिडक्या तर घट्ट बंद असतात, तरी तो कुठल्या फटीतून वाट काढतो देव जाणे! आम्ही आखातात राहणारी माणसं उठल्यासुटल्या उन्हाला नावं ठेवतो. पण ज्या उन्हाच्या धाकानं आम्ही पडदे ओढून एसीच्या आश्रयाला जातो, त्याच उन्हात एक झाड आपल्या अंतरीचा सुगंध मोकळा करतं, आणि तोही आपला-परका न बघता, याबद्दल कृतज्ञ व्हायला मला फार उशीर लागला. त्या उशिरापायी ते झाडच माझ्या हातून जाता जाता राहिलं. ती गोष्ट आज तुम्हाला सांगते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मुहर्रकमधला विमानतळाजवळचा फ्लॅट सोडला. माझा नवरा अनिल हिद्दच्या बंदरावर इंजिनिअर आहे. दिवसभर यंत्रांची घरघर ऐकून आलेल्या माणसाला घरी पुन्हा विमानांची घरघर नको होती, आणि मला मातीचं अंगण हवं होतं. बुदैयाच्या एका जुन्या घराचा तळमजला मिळाला. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहतात, उम्म युसूफ, म्हणजे युसूफची आई. इथं बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची रीत आहे. वय पंचाहत्तरीच्या पुढं, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र ठणठणीत. लहानपणाची काही वर्षं त्यांनी मुंबईत काढली होती, त्यामुळं हिंदी तोडकीमोडकी पण ठसक्याची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जिन्यावरून नीट न्याहाळलं, आणि घराच्या चाव्या देण्याआधी अंगणातल्या झाडाकडं बोट दाखवून सांगितलं की हा सनोबर आमच्या नवऱ्यानं तरुणपणी लेबनॉनहून रोप आणून लावलेला आहे, याच्या सावलीत गाडी लावायची नाही.

सनोबर! नाव ऐकायला किती भारदस्त! पण मी वर पाहिलं आणि मनातल्या मनात हसले. अहो, हा तर आमचा सुरू! माझं माहेर श्रीवर्धनचं. समुद्रकाठच्या सुरूच्या बनात वाळूवर लोळत आम्ही मोठ्या झालो. ती दोऱ्यासारखी पानं, तो वाऱ्यात उठणारा अखंड सुस्कारा, ते उंच शेलाटेपण, सगळं ओळखीचं. परदेशात माणसाला ओळखीचं काही भेटलं की त्याची विचारपूस करण्याआधीच तो मिठी मारतो. मीही तेच केलं. सुरूला अरबीत सनोबर म्हणत असावेत, अशी स्वतःची समजूत घालून मोकळी झाले, आणि त्या झाडाकडं दोन वर्षं रोज पाहूनही मी ते खरं म्हणजे एकदाही पाहिलं नाही.

पाहिलं असतं तर काय काय दिसलं असतं! सुरू सरळ वर जातो. हा उत्तरेच्या वाऱ्यापुढं दक्षिणेकडं कललेला, म्हाताऱ्यानं काठीवर भार द्यावा तसा. बुंध्याची साल खाली तांबूस आणि भेगाळलेली, वर फांद्यांवर मात्र राखाडी आणि गुळगुळीत. पानं सुयांसारखी, मऊ, आणि एकेकटी कधीच नाहीत. दोन सुया बुडाशी एकाच इवल्या खोळीत बांधलेल्या. त्या जोडीनं उगवतात, दोन-तीन वर्षं जोडीनं ऊन खातात आणि गळतानाही हात न सोडता जोडीनंच गळतात. फांद्यांना लाकडी शंकू, आखूड देठावर मागच्या बाजूला वळलेले, तोंड घट्ट मिटून वर्षानुवर्षं तसेच धरून ठेवलेले. आणि जिथं कुठं जखम होते तिथं स्वतःच गाळलेल्या राळेचा लेप. कुणाकडं काही मागायचं नाही, असं व्रत घेतलेलं हे पाइनचं झाड. चुनखडीच्या निकस जमिनीत, खाऱ्या वाऱ्यात, भूमध्य समुद्राच्या काठच्या कोरड्या डोंगरांवर याचं कूळ वाढलं. पण हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर जाणून घ्यावंसंही वाटलं नव्हतं.

माझं एक वेड आहे, ते आता कबूल केलं पाहिजे. पहाटे उठून अंगण झाडून सडा घातल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. माझी आई आजारपणातही हे चुकवत नसे. केर तसाच पडलेलं अंगण तिच्या लेखी न विंचरलेल्या केसांसारखं. इथं शेण कुठलं, पण पाणी होतं. आखातातल्या बिऱ्हाडकरूंना ठाऊक आहे, दमट दिवसांत एसीच्या नळीतून गळणारं पाणी बादलीभर सहज जमतं. मी ते वाया घालवत नसे. सडा घालून उरलेलं पाणी बोगनवेलीला आणि तुळशीला. सनोबरच्या वाटेला मात्र मी तेव्हा जात नसे, कारण त्याची मालकीण वर बसलेली असे. उम्म युसूफ पंधरवड्यातून कधीतरी खाली येत, नळाचा पाइप बुंध्यापासून चांगला लांब, फांद्यांच्या टोकांखाली टाकत आणि दोन तासांनी बंद करत. मधल्या दिवसांत झाडाकडं ढुंकूनही बघत नसत. मला त्या झाडाची कीव येई. बाई बिचाऱ्या वयामुळं विसरतात, असं मी अनिलला म्हणत असे. तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता हुं म्हणत असे.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी उम्म युसूफच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर तीन-चार महिने त्या मुहर्रकला लेकीकडं राहणार होत्या. जाताना त्यांनी गाडीत बसून काच खाली केली, माझा हात धरला आणि झाडावर लक्ष ठेव म्हणाल्या. मला भरून आलं. परक्या देशात एक म्हातारी बाई आपल्या नवऱ्याची एकुलती आठवण माझ्या स्वाधीन करून जाते, हा केवढा विश्वास! दुसऱ्या दिवसापासून मी त्या विश्वासाला जागायला सुरुवात केली.

कशी जागले ते ऐका. श्रीवर्धनच्या सुरूंनी चार-चार महिने पाऊस अंगावर घेतलेला मी पाहिला होता. त्यांचा हा भाऊबंद इथं तहानेनं तळमळत असणार, याविषयी मला शंका उरली नव्हती. रोज सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन बादल्या, एसीचं गोड पाणी, थेट बुंध्याशी आळं करून. आणि बुंध्याखाली सुयांची ती तांबूस जाड पथारी पसरलेली असे ना, तिच्याकडं उम्म युसूफ इतकी वर्षं कानाडोळा करत होत्या. मी ती कोपऱ्याकोपऱ्यातून खरवडून काढली, काळ्या पिशव्यांत भरली, कचऱ्याच्या गाडीला दिली आणि उघड्या पडलेल्या मातीवर देखणा सडा घातला. रांगोळीसुद्धा काढली हो! चार पाकळ्यांचं कमळ. अनिल संध्याकाळी आला आणि म्हणाला, अंगण अगदी आपल्याकडच्यासारखं दिसतंय. त्या वाक्यावर मी आठवडाभर खूश होते.

ऑगस्टमध्ये आतल्या बाजूच्या सुया पिवळ्या पडल्या. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मी बादल्या वाढवल्या. मग पिवळ्याच्या तपकिरी झाल्या, पूर्वेची एक मोठी फांदी शेंड्यापर्यंत करपली, आणि एके दुपारी माझ्या लक्षात आलं की बारा वाजून गेले आणि घरात वास आलेला नाही. घरातलं कुणी माणूस नेहमीच्या वेळी परतू नये, तशी मी खिडकीशी उभी राहिले.

त्याच आठवड्यात युसूफ आला. चाळिशीतला सभ्य माणूस, बँकेत नोकरी. त्यानं झाडाभोवती एक फेरी मारली आणि शांतपणे सांगितलं की आता हे वाळलं, आई येण्याआधी तोडून टाकतो. वाऱ्यानं पडलं असं तिला सांगू, एकदा रडेल आणि विसरेल. वाळलेलं झाड रोज बघण्यापेक्षा ते बरं. त्या जागी गाड्यांची शेड होईल. तुम्ही फक्त हो म्हणा, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि माझी सुटका किती सोपी होती बघा! वाऱ्याच्या माथी मारलं की मी नामानिराळी. माझ्या तोंडून तो होकार जवळजवळ निघालाच होता. पण आईच्या वयाच्या बाईनं गाडीच्या काचेतून धरलेला हात आठवला, आणि मी युसूफला म्हटलं, दोन दिवस द्या.

बुदैयाच्या हमरस्त्याला रोपवाटिकांची रांगच आहे. तिथल्या एका वाटिकेत हमीदभाई काम करतात. मूळचे म्हसळ्याचे, म्हणजे माझ्या माहेरचे शेजारीच म्हणायचे. पंचवीस वर्षं त्यांनी या बेटावरच्या मातीत हात घातलेला. मी अक्षरशः त्यांना गाडीत घालून घरी आणलं. त्यांनी झाडाकडं न बघता आधी जमिनीकडं पाहिलं, बोटानं माती उकरली, मूठभर उचलून हुंगली आणि माझ्यापुढं धरली. आंबूस वास होता. मग त्यांनी हळूच विचारलं की रोज पाणी घालता का, आणि मी मोठ्या अभिमानानं किती बादल्या ते सांगितलं.

"ताई, ह्यो आपला सुरू न्हाय," ते म्हणाले. "ह्याचं पाय भिजलं की ह्यो मरतो."

आणि त्या सुया? मी विचारलं. त्या म्हणजे त्याचं अंथरूण होतं, त्याचं खत होतं, उन्हापासून मुळांची राखण होती. ते तुम्ही गाडीला दिलंत, असं त्यांनी अजिबात आवाज न चढवता सांगितलं. मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. उपाय विचारला तर हमीदभाई हसले. काहीच करायचं नाही, हाच उपाय. आळं मोडा, मुळांना हवा लागू द्या, झाडू लांब ठेवा, आणि थांबा. जगेल का, या प्रश्नाला त्यांनी फक्त आभाळाकडं बोट केलं.

मी युसूफला फोन करून सगळं सांगितलं: झाड वाऱ्यानं नाही, माझ्या हातानं आजारी पडलं आहे, तुमची आई येईपर्यंत त्याला राहू द्या, त्यांना मी स्वतः सांगेन. मग इंशाल्ला म्हणून त्यानं फोन ठेवला.

काहीच न करणं! तुम्ही कधी केलं आहे? मला वाटतं, आपल्या बायकांना यापेक्षा कठीण शिक्षा नाही. आपलं सगळं प्रेम हातांत असतं. वाढणं, पुसणं, झाडणं, घालणं. हात बांधले की प्रेम कुठून जाणार? रोज सकाळी सुयांचा केर मातीवर पडे आणि माझे हात शिवशिवत. बादली भरे आणि मी ती उचलून दूरच्या बोगनवेलीला ओते. झाडाजवळ जाऊन फक्त बघायचं, एवढीच मुभा मी स्वतःला दिली होती. आणि त्या बघण्यातच ते झाड मला पहिल्यांदा दिसलं. सदाहरित म्हणजे पान न गळणारं, अशी माझी भाबडी कल्पना. प्रत्यक्षात हे झाड बारा महिने गळत असतं. फक्त थोडं थोडं गळतं, आणि जाणाऱ्याची जागा भरून काढणारं कुणी आधीच उगवलेलं असतं. गळलेलंही वाया जात नाही, ते पायाशीच अंथरलं जातं. म्हणजे त्याच्या हिरवेपणाचं रहस्य मी रोज सकाळी पिशवीत भरून फेकत होते! इतकी लाज मला आयुष्यात क्वचित वाटली आहे.

सप्टेंबरच्या अखेरीस उम्म युसूफ परतल्या. वॉकर घेऊन फाटकातून आत आल्या आणि थबकल्या. अर्धं झाड तपकिरी, पूर्वेची फांदी पार कोळपलेली. मी सगळं एका दमात सांगितलं; बादल्या, आळं, झाडू, रांगोळीसुद्धा. माफी मागितली. त्या सालीवर तळवा टेकून उभ्या राहिल्या, आणि मग सावकाश, एकेक पायरी चढत वर गेल्या. रोज चारला त्यांच्याकडून मला कहव्याचं, म्हणजे अरबी कॉफीचं, बोलावणं येई. त्या दिवशी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. अनिल म्हणाला, मुहर्रकला फ्लॅट बघू या का? मी रडले. घर जाईल याचं नव्हे, त्यांनी विश्वासानं दिलेलं मी सांभाळू शकले नाही याचं.

पाचव्या दिवशी बोलावणं आलं. त्या खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी कहव्याचा पेला माझ्या हातात दिला, खजूर पुढं केला आणि अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्याकडं बोट केलं, जिथं काहीच नव्हतं.

"वो दो लाया था," त्या म्हणाल्या. "एक उसका, एक मेरा. अपना वाला उसने पानी पिला-पिला के मार दिया. मेरा बच गया. मैं भूल जाती थी ना."

आणि त्या हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या. नवरा रोज कामावरून येऊन कपडेही न बदलता आपल्या रोपापाशी बसायचा, त्याला पाणी पाजायचा, त्याच्याशी बोलायचा. रोप मेलं तेव्हा महिनाभर जेवणावरून त्याची वासना उडाली होती. तुझ्या बादलीची गोष्ट ऐकली आणि चार दिवस मला त्याचीच आठवण येत राहिली, म्हणून बोलावलं नाही, असं त्यांनी सांगितलं. माझ्यावर रागावल्या होत्या का, हे मी विचारलंच. त्यांनी मान हलवली. पाणीच दिलंस ना, जहर तर नाही दिलंस. मी त्यांच्या हातावर डोकं टेकलं. याच देशातल्या उन्हात पन्नास-साठ वर्षांपूर्वी एक माणूस माझ्यासारखाच चुकला होता, या विचारानं मला जो दिलासा मिळाला तो कुठल्या शब्दांत सांगू?

ऑक्टोबरच्या सुरुवातीला हमीदभाईंनी वाळलेली फांदी कापली. तिच्यावर तीन-चार शंकू होते, राखाडी, दगडासारखे घट्ट. अनिलनं ते वासासाठी म्हणून गाडीत, पुढच्या काचेखाली ठेवले आणि गाडी हिद्दला दिवसभर उन्हात लावली. संध्याकाळी तो घरी आला तो मला हाक मारतच: गाडीत बघ काय झालंय! वर्षानुवर्षं मिटलेली ती तोंडं त्या भट्टीत उघडली होती, आणि डॅशबोर्डभर, आसनांवर, त्याच्या डब्याच्या पिशवीवर पातळ पंखांच्या बिया विखुरल्या होत्या. हे शंकू म्हणे पुष्कळदा वणव्याची वाट बघत बसतात; सगळं करपल्यावर उघडावं आणि नव्यानं सुरुवात करावी, म्हणून. आमच्याकडं वणवा नव्हता, बंदरावरचा पार्किंग लॉट होता. त्यावरही त्यांनी भागवलं!

बिया मी हमीदभाईंच्या सल्ल्यानं, त्यांच्याच वाटिकेत रुजत घातल्या, माझ्या हातांपासून सुरक्षित अंतरावर. चार रुजल्या, दोन जगल्या. आणि फेब्रुवारीत, ज्या झाडाची आशा आम्ही तोंडानं बोलत नव्हतो, त्याच्या शेंड्यांवर फिकट हिरव्या मेणबत्त्यांसारखे कोंब उभे राहिले. उम्म युसूफनं मला वरून हाक मारली आणि नुसतं बोट दाखवलं. मी अंगणात उभी राहून लहान मुलीसारखी रडले, आणि युसूफनं शुक्रवारी येऊन एक फेरी मारली, मान डोलावली, शेडचा विषय काढला नाही.

दोनांतलं एक रोप आम्ही त्या रिकाम्या कोपऱ्यात लावलं. दुसरं हमीदभाईंनी आपल्यापाशी ठेवून घेतलं. माती लोटून झाल्यावर उम्म युसूफ वॉकरवर रेलून मला म्हणाल्या, "ये तेरे हिस्से का. अब इसको भूल जा."

विसरणं मला अजून नीट जमत नाही. पाणी घालायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं आहे. आठवेल तेव्हा घालीन म्हणतात, आणि दर दुसऱ्या शुक्रवारी नमाजानंतर त्यांना बरोब्बर आठवतं. इतकी वर्षं मी ज्याला विसराळूपणा समजत होते ते विसरणं कधीच चुकत नव्हतं, हे आता माझ्या ध्यानात आलं आहे. मी फरशीवर सडा घालते, रांगोळी दाराशी काढते, सनोबरखालची पथारी पुन्हा बोटभर जाड झाली आहे तिला हात लावत नाही. तरी सकाळी भरलेली बादली हातात असली की पाय आपसूक त्या कोपऱ्याकडं वळतात. मग वरच्या खिडकीच्या गजावर काठीचे दोन ठोके पडतात, आणि मी मुकाट्यानं बोगनवेलीकडं जाते.

आत्ताही बारा वाजत आले आहेत. बांग संपली, रस्ता निवांत झाला. पूर्वी कुणी काही दिलं की मला लगेच उठून परतफेड करावीशी वाटे. त्याशिवाय आपण कृतज्ञ आहोत यावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नसे. आता मी बादली पालथी घालून ठेवते, पदराला हात पुसते आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसते. वास येतो, राळेचा, कापराचा, तासलेल्या लाकडाचा. मी उठत नाही. नुसती बसून तो घेते.